घटक ७ : सूर्यप्रकाशापासून वीज – स्वरूप, मापन आणि वापर

७.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

• सौर ऊर्जेसंबंधीच्या प्रमुख मराठी संज्ञांचा नेमका अर्थ सांगता येईल.
• सूर्याची उष्णता वापरणे आणि सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सौरघटाचे कार्य साध्या मराठीत विशद करता येईल.
• किलोवॉट आणि युनिट यांतील भेद जाणून घरगुती सौर यंत्रणेचा अंदाज बांधता येईल.
• घर आणि शेती या दोन क्षेत्रांतील सौर विजेचे लाभ व मर्यादा यांचे विवेचन करता येईल.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शास्त्रीय लेखनाच्या भाषेची वैशिष्ट्ये पाहिली. नेमकेपणा, एकार्थता आणि क्रमबद्धता ही ती वैशिष्ट्ये होत. प्रस्तुत घटकात याच वैशिष्ट्यांचा उपयोग करून आपण सौर ऊर्जा हा विषय समजून घेणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहात. घरात आलेले वीजबिल वाचणे, सौर पंपाचा अर्ज भरणे, छतावर पटले बसवावीत की नाही याविषयी मत देणे, ही कामे घरातील शिकणाऱ्या व्यक्तीकडे सहजच येतात. अशा वेळी विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील शब्द आपल्याला नीट कळले नाहीत, तर चुकीचा निर्णय होतो आणि त्याचा भार पंचवीस वर्षे वाहावा लागतो. सूर्यप्रकाश फुकट मिळतो, हे खरे. परंतु त्यापासून मिळणारी वीज फुकट नसते आणि अमर्यादही नसते. म्हणून सौर ऊर्जेविषयी कोणतेही विधान वाचताना तीन प्रश्न विचारावेत : ऊर्जा कोणत्या रूपात हवी आहे? किती हवी आहे? आणि केव्हा हवी आहे? या घटकाची मांडणी याच तीन प्रश्नांच्या आधारे केली आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ संज्ञाविचार : 'अपारंपरिक' की 'नवीकरणक्षम'?

सौर ऊर्जेचा उल्लेख मराठीत 'अपारंपरिक ऊर्जा', 'नवीकरणक्षम ऊर्जा', 'हरित ऊर्जा' अशा वेगवेगळ्या नावांनी होतो. हे शब्द समानार्थी मानले जातात. पण त्यांचा रोख वेगवेगळा आहे.

'अपारंपरिक' हा शब्द कोळसा, खनिज तेल आणि मोठी धरणे यांना परंपरा मानतो आणि सूर्याला परंपरेबाहेर ठेवतो. वस्तुतः सूर्याच्या ऊर्जेइतके पारंपरिक साधन दुसरे नाही. उन्हाळ्यात अंगणात घातलेले वाळवण, कोकणातील आमसुले, किनाऱ्यावरील मिठागरे, खळ्यावर सुकणारे धान्य ही सारी सौर ऊर्जेच्या वापराचीच उदाहरणे आहेत. त्यामुळे या संज्ञेतून केवळ इतकाच अर्थ निघतो, की आधुनिक वीजनिर्मितीच्या व्यवस्थेत हे साधन नवे आहे.

'नवीकरणक्षम' ही संज्ञा अधिक नेमकी आहे. जे साधन वापरल्याने संपत नाही आणि निसर्गतः पुन्हा पुन्हा उपलब्ध होत राहते, ते नवीकरणक्षम. जमिनीतील कोळसा तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. आपण तो काही शतकांत संपवू शकतो. आजचे ऊन आपण वापरले काय किंवा न वापरले काय, उद्याच्या उन्हात त्यामुळे घट होत नाही. मात्र येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावी. नवीकरणक्षम आहे तो सूर्यप्रकाश. तो पकडणारी पटले, तारा, लोखंडी सांगाडे आणि जमीन या गोष्टी नवीकरणक्षम नाहीत. ही मर्यादा आपण पुढे विचारात घेणार आहोत.

७.२.२ पहिला प्रश्न – कोणत्या रूपात? उष्णता की वीज

बोलीव्यवहारात 'आम्ही सोलर बसवला' असे वाक्य आपण नेहमी ऐकतो. या वाक्यातील 'सोलर' म्हणजे पाणी तापवण्याचे यंत्र की वीज देणारी पटले, हे संदर्भाशिवाय कळत नाही. शास्त्रीय दृष्ट्या या दोन पूर्णतः भिन्न प्रक्रिया आहेत.

पहिली प्रक्रिया उष्णतेची. काळ्या पृष्ठभागावर पडलेले ऊन शोषले जाते आणि त्याची उष्णता पाण्याला दिली जाते. सौर जलतापकात हेच घडते. पूर्वी ज्या कामासाठी बंबात लाकडे घालावी लागत, तेच काम येथे ऊन करते. १०० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत वाढवायला सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते. विजेच्या गिझरने हे पाणी तापवले, तर साधारण तेवढीच युनिट मीटरवर नोंदली जातील. सौर जलतापकाला यासाठी अंदाजे २ चौरस मीटर संग्राहक पुरतो. एवढ्याच क्षेत्रफळाच्या सौर पटलापासून मात्र दिवसाकाठी दीड ते दोन युनिट वीज मिळते. याचा अर्थ असा, की गरज गरम पाण्याची असेल तर प्रकाशाची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता करणे हा द्राविडी प्राणायाम ठरतो.

उष्णतेच्या मोठ्या प्रमाणावरील वापराचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे शिर्डी येथील श्री साईबाबा संस्थानाचे प्रसादालय. २००९ मध्ये तेथे ७३ अंतर्वक्र परावर्तक तबकड्यांची यंत्रणा कार्यान्वित झाली. या तबकड्या ऊन एका ठिकाणी केंद्रित करून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजवण्याची सोय होते. या प्रक्रियेत वीजनिर्मितीचा टप्पाच नाही.

दुसरी प्रक्रिया प्रकाशापासून थेट वीज निर्माण करण्याची. तिचा विचार पुढील उपघटकात करू.

७.२.३ सौरघटाचे कार्य

प्रकाशाच्या साहाय्याने विद्युतधारा निर्माण होऊ शकते, हे १८३९ मध्ये एदमों बेकेरेल या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगातून दाखवले. प्रकाश हा ऊर्जेच्या सूक्ष्म पुंजांच्या रूपात पदार्थाशी व्यवहार करतो, ही उपपत्ती अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडली. व्यवहारात वापरता येईल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५८ मध्ये 'व्हॅनगार्ड-१' या उपग्रहावर सौरघट बसवले गेले. त्या काळी ते इतके महाग होते, की जेथे दुसरा उपायच नव्हता अशा अवकाशातच त्यांचा वापर परवडत असे. आज तेच तंत्र घराच्या छतावर आणि शेताच्या बांधावर आले आहे.

सौरघटाचे कार्य पुढील क्रमाने समजून घ्या.

(अ) सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. वाळूत विपुल आढळणाऱ्या सिलिकापासून तो मिळवतात. शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही.

(आ) सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरसचा अत्यल्प अंश मिसळला, की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. दुसऱ्या थरात बोरॉनचा अंश मिसळला, की इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वाढतात.

(इ) हे दोन थर जेथे एकत्र येतात, त्या संधिस्थानी एक विद्युतक्षेत्र तयार होते. इलेक्ट्रॉनने कोणत्या दिशेला जावे, हे ते क्षेत्र ठरवते.

(ई) प्रकाशाचा पुरेशा ऊर्जेचा पुंज सिलिकॉनवर पडला, की एक इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतो. संधिस्थानाचे विद्युतक्षेत्र त्याला एका बाजूस ढकलते. दोन्ही बाजूंना तारा जोडल्या असतील, तर बाहेरच्या मंडलातून इलेक्ट्रॉन वाहू लागतात. हीच विद्युतधारा.

या सगळ्या क्रियेत काही जळत नाही, कोणताही भाग फिरत नाही आणि सिलिकॉन खर्चही होत नाही. एका घटाचे विभवांतर मात्र सुमारे अर्धा व्होल्ट इतके अल्प असते. म्हणून अनेक घट एकसर जोडणीने जोडून, वर काच व भोवती ॲल्युमिनियमची चौकट बसवून पटल तयार करतात. पटलापासून मिळणारी विद्युतधारा दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील उपकरणांना प्रत्यावर्ती धारा लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो.

'सौरघट' या शब्दाविषयी भाषेच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'घट' म्हणजे पात्र. सुरुवातीचे विद्युतघट खरोखरच द्रवाने भरलेल्या पात्रांचे असत. त्यामुळे ही संज्ञा रूढ झाली. पात्र म्हटले, की साठवण आठवते. सौरघटात मात्र काहीही साठत नाही. प्रकाश पडत आहे तोवर वीज, प्रकाश थांबला की वीज थांबली. संज्ञेचा मूळ अर्थ आणि वस्तूचे कार्य यांत पडलेले हे अंतर अनेक गैरसमजांचे मूळ आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) पुढील विधाने चूक की बरोबर ते लिहा.
१. सौर जलतापकात प्रकाशापासून प्रथम वीज तयार होते.
२. सौरघटात दिवसा वीज साठते आणि रात्री वापरता येते.
३. पटलापासून मिळणारी विद्युतधारा दिष्ट स्वरूपाची असते.

(आ) 'अपारंपरिक' या संज्ञेपेक्षा 'नवीकरणक्षम' ही संज्ञा अधिक नेमकी का, ते दोन वाक्यांत सांगा.

७.२.४ दुसरा प्रश्न – किती? किलोवॉट आणि युनिट

वीजविषयक मराठी लेखनात सर्वाधिक घोटाळा होतो तो या दोन शब्दांचा. रोजच्या भाषेत आपण 'शक्ती' आणि 'ऊर्जा' हे शब्द एकमेकांऐवजी वापरतो. भौतिकशास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. शक्ती म्हणजे काम होण्याचा दर. ती वॉट किंवा किलोवॉटमध्ये मोजतात. ऊर्जा म्हणजे त्या दराने ठरावीक वेळात झालेले एकूण काम. वीजबिलात ती युनिटमध्ये मोजतात. १ किलोवॉट शक्तीचे उपकरण १ तास चालले, की १ युनिट ऊर्जा खर्च होते. नळाच्या धारेचा जोर म्हणजे किलोवॉट, आणि बादलीत जमा झालेले पाणी म्हणजे युनिट, असे म्हटले तर हा भेद चटकन ध्यानात येईल.

आता पुढील वाक्य पाहा : 'या यंत्रणेतून रोज ३ किलोवॉट वीज तयार होते.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण अर्थदृष्ट्या सदोष आहे. ३ किलोवॉट ही यंत्रणेची क्षमता झाली. योग्य वाक्य असे होईल : 'या ३ किलोवॉट क्षमतेच्या यंत्रणेतून रोज सरासरी १२ युनिट वीज तयार होते.'

हे १२ युनिट कसे आले, ते पाहू. निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतकी सौर शक्ती पडते. ५४५ वॉट क्षमतेच्या एका पटलाचे क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस मीटर असते. त्यावर सुमारे २६०० वॉट शक्तीचा प्रकाश पडतो आणि त्यातील सुमारे २१ टक्के विजेत रूपांतरित होतो. पटलावर छापलेली क्षमता ही अशा प्रमाणित स्थितीतील, म्हणजे १००० वॉट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाची असते. प्रत्यक्षात सकाळी व संध्याकाळी ऊन तिरपे असते, ढग येतात, धूळ बसते. या सर्वांचा विचार करता आपल्याकडे १ किलोवॉट क्षमतेमागे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट असा ढोबळ हिशेब धरतात. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते.

उदाहरण : एका कुटुंबाचा वीजवापर महिन्याला १५० युनिट आहे. म्हणजे रोजचा ५ युनिट. ५ ला ४ ने भागल्यास १.२५ किलोवॉट येतात. थोडी तूट गृहीत धरून दीड किलोवॉटची यंत्रणा पुरेशी ठरेल. १ किलोवॉटला छतावर साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा लागते. म्हणून येथे सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे अंदाजे १६० चौरस फूट जागा हवी. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. तो केलेला असेल, तर गरजेच्या दुप्पट क्षमतेची यंत्रणा गळ्यात पडण्याचा धोका राहत नाही.

'ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त' ही समजूतही तपासून घ्यावी. विजेसाठी लागतो तो प्रकाश. उष्णता सिलिकॉनला मानवत नाही. घटाचे तापमान २५ अंशांच्या वर गेले, की प्रत्येक अंशामागे निर्मिती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पटल ६० अंशांपर्यंत तापले, तर निर्मितीत सुमारे १२ टक्के घट येऊ शकते. म्हणून पटलांखालून वारा खेळता ठेवावा लागतो.

सावलीचा परिणाम याहून मोठा असतो. घट एकसर जोडलेले असल्याने एका घटावर पडलेली सावली त्या मालिकेतील इतर घटांचीही धारा अडवते. शेजारची पाण्याची टाकी, नारळाचे झाड किंवा पक्ष्यांची विष्ठा यांकडे दुर्लक्ष करू नये. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे पटले दक्षिणाभिमुख आणि स्थानिक अक्षांशाच्या जवळपास, म्हणजे महाराष्ट्रात साधारण १६ ते २२ अंशांच्या कोनात बसवतात. धूळ काढण्यासाठी ती सकाळी, पटले थंड असताना, साध्या पाण्याने पुसावीत.

७.२.५ तिसरा प्रश्न – केव्हा? जाळे आणि साठवण

सौर विजेची निर्मिती दुपारी सर्वाधिक होते. घरातील वापर संध्याकाळी सर्वाधिक असतो. ही विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग वीजजाळ्याशी देवाणघेवाण करण्याचा. यासाठी नेट मीटर बसवतात. हा मीटर जाळ्यातून घेतलेली आणि जाळ्याला दिलेली वीज स्वतंत्रपणे नोंदवतो. समजा, एका महिन्यात पटलांनी १८० युनिट निर्माण केली. त्यातील ७० युनिट दिवसा घरातच वापरली गेली आणि ११० युनिट जाळ्याला दिली. रात्री जाळ्यातून १२० युनिट घेतली. अशा वेळी बिलातील निव्वळ युनिट १० होतील. स्थिर आकार मात्र द्यावाच लागतो. 'बिल शून्य' या जाहिरातीतील शब्दप्रयोगाचा अर्थ लावताना हे विसरू नये. नेट मीटरचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलू शकतात. म्हणून निर्णयापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

येथेच आणखी एका गैरसमजाचा उलगडा करणे आवश्यक आहे. जाळ्याशी जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा गावातील वीज गेली की स्वतःही बंद पडते, मग कितीही ऊन असो. हा दोष नसून सुरक्षेची योजना आहे. जाळे बंद आहे असे समजून दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टर आपोआप थांबतो. भारनियमनापासून सुटका हाच हेतू असेल, तर बॅटरीसह यंत्रणा घ्यावी लागते आणि तिचा खर्च वेगळा असतो.

दुसरा मार्ग साठवणुकीचा. घरासाठी बॅटरी आणि मोठ्या प्रमाणावर 'उदंचन जलविद्युत' हे त्याचे प्रकार. उदंचन म्हणजे पाणी वर उचलणे. जाळ्यात वीज जास्त असेल तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही पद्धत आहे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेचा असा प्रकल्प आहे. यात काही ऊर्जा वाया जाते. परंतु दुपारची वीज संध्याकाळी मिळवता येते.

घरगुती छतांसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. १ कोटी घरे हे तिचे लक्ष्य आहे. योजनेत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये असे अनुदान ठरवण्यात आले. योजनेच्या नावात 'मुफ्त' असले, तरी अनुदान वजा जाता उरलेला खर्च ग्राहकालाच करावा लागतो, हे येथे स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात असलेली मान्याचीवाडी ही २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. लहान गावाने ठरवले तर आपल्या गरजेइतकी वीज आपल्याच छतांवर निर्माण करता येते, याचे ते उदाहरण होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) एका कुटुंबाचा वीजवापर महिन्याला २४० युनिट आहे. त्यासाठी किती किलोवॉटची यंत्रणा आणि किती जागा लागेल, याचा ढोबळ अंदाज काढा.

(आ) पुढील वाक्य शास्त्रीय दृष्ट्या शुद्ध करून लिहा : 'आमच्या शाळेच्या छतावर दररोज ५ किलोवॉट वीज निर्माण होते.'

७.२.६ शेतीतील सौर वीज

महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा व रात्री देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. रात्रीची पाळी असलेल्या शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचू आणि काही भागांत बिबट्याची भीती बाळगून पिकाला पाणी द्यावे लागते. दिवसा मिळणारी वीज ही त्याच्या दृष्टीने सोयीपेक्षा सुरक्षिततेची बाब आहे. योगायोग असा, की सौर वीज निर्माण होते तीही दिवसाच. घराच्या बाबतीत 'केव्हा' हा प्रश्न अडचणीचा होता. शेताच्या बाबतीत तोच अनुकूल ठरतो. शिवाय उपसलेले पाणी शेततळ्यात साठवता येते, म्हणजे बॅटरीची गरज राहत नाही.

यासाठी दोन प्रकारच्या योजना आहेत. एका प्रकारात शेतकऱ्याच्या शेतातच पटले आणि पंप बसवतात. २०१९ पासूनची केंद्राची 'पीएम-कुसुम' आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप योजना' या त्या प्रकारच्या होत. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट, परंतु तेवढ्या पंपाला साधारण ४.८ किलोवॉट क्षमतेची पटले देतात. ऊन दिवसभर सारखे नसते, हे याचे कारण. दुसऱ्या प्रकारात गावाजवळच्या वीज उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभारून शेतीच्या संपूर्ण वाहिनीला दिवसा वीज पुरवतात. २०१७ मध्ये सुरू झालेली 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' ही या प्रकारची आहे.

या लाभाला एक गंभीर बाजू आहे. पंप चालवण्याचा खर्चच उरला नाही, तर उपसा थांबवण्याचे कारणही उरत नाही. ऊन नवीकरणक्षम आहे. विहिरीतील पाणी एका मर्यादेपलीकडे तसे नाही. ज्या शिवारात भूजल आधीच खोल गेले आहे, तेथे सौर पंप तहान भागवण्याऐवजी वाढवू शकतो. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात धुंडी या गावी यावर एक मार्ग शोधण्यात आला. २०१६ च्या सुमारास तेथील सहा शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापली आणि सिंचनानंतर उरलेली वीज जाळ्याला विकण्यास आरंभ केला. वीज विकून पैसे मिळू लागले, की अनावश्यक उपसा करणे म्हणजे आपलेच उत्पन्न गमावणे ठरते. ऊस आणि दूध यांच्या सहकाराशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

७.२.७ लाभ आणि मर्यादा

कोळशापासून १ युनिट वीज निर्माण करताना सुमारे १ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सौर पटले चालताना धूर, राख किंवा वायू सोडत नाहीत. हा लाभ मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताची स्थापित सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. मात्र हा आकडा क्षमतेचा आहे, हे तुम्ही आता ओळखाल. १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि तेवढ्याच क्षमतेचे औष्णिक केंद्र वर्षभरात सारखी वीज देत नाहीत. सौर प्रकल्प रात्री थांबतो.

मर्यादा पुढीलप्रमाणे सांगता येतील. मोठ्या प्रकल्पांना विस्तृत जमीन लागते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील १२५ मेगावॉटच्या प्रकल्पासारखे प्रकल्प उभारताना, पडीक म्हणून नोंदलेली जमीन कोणाच्या गुरांची चराई होती, हा प्रश्न विचारावा लागतो. पटले स्वच्छ ठेवायला पाणी लागते. पटलांचे आयुष्य सुमारे २५ वर्षे असते. त्यानंतर काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि अल्प प्रमाणात शिसे असलेला कचरा उरतो. देशाच्या ई-कचरा नियम, २०२२ मध्ये सौर पटलांचा समावेश केलेला आहे. या मर्यादा सांगितल्याने सौर ऊर्जेचे महत्त्व उणावत नाही. तिचा वापर कोठे व कसा करावा, हे त्यांमुळे कळते.

७.३ सारांश

सौर ऊर्जा ही नवीकरणक्षम आहे. तिची साधने मात्र मर्यादित आहेत. ती उष्णतेच्या किंवा विजेच्या रूपात वापरता येते, आणि गरजेनुसार रूप निवडणे हितावह असते. सौरघटात प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन सुटून विद्युतधारा निर्माण होते. त्यात साठवण होत नाही. किलोवॉट हे क्षमतेचे आणि युनिट हे ऊर्जेचे माप आहे. निर्मिती आणि वापर यांच्या वेळा जुळवण्यासाठी वीजजाळे किंवा साठवण लागते. शेतीत दिवसाची सौर वीज उपयुक्त ठरते. तथापि भूजलाचे भान राखणे अनिवार्य आहे. कोणत्या रूपात, किती आणि केव्हा हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर माहितीपत्रक, बातमी आणि अर्ज यांची भाषा तुम्हांला चिकित्सकपणे वाचता येईल आणि इतरांना समजावूनही सांगता येईल.

७.४ पारिभाषिक शब्द

अर्धवाहक : ज्यातून वीज वाहण्याचे प्रमाण वाहक आणि रोधक यांच्या दरम्यान असते असा पदार्थ.
एकसर जोडणी : एकापुढे एक अशी, धारेला एकच मार्ग ठेवणारी जोडणी.
दिष्ट धारा : एकाच दिशेने वाहणारी विद्युतधारा.
प्रत्यावर्ती धारा : ठरावीक काळाने दिशा बदलणारी विद्युतधारा.
विभवांतर : विद्युतधारा वाहण्यास कारण होणारा दोन बिंदूंतील फरक, तो व्होल्टमध्ये मोजतात.
उदंचन : पाणी वर उचलून साठवण्याची क्रिया.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. चूक. २. चूक. ३. बरोबर. (आ) सूर्याची ऊर्जा मानव पूर्वापार वापरत आला आहे, त्यामुळे तिला अपारंपरिक म्हणणे पूर्णतः योग्य नाही. 'नवीकरणक्षम' ही संज्ञा, वापरल्याने न संपणे हा त्या ऊर्जेचा गुणधर्मच सांगते.

प्रश्न २ : (अ) रोजचा वापर ८ युनिट, ८ भागिले ४ म्हणजे २ किलोवॉट. तूट धरल्यास २ ते २.५ किलोवॉट, जागा साधारण २० ते २५ चौरस मीटर. (आ) 'आमच्या शाळेच्या छतावरील ५ किलोवॉट क्षमतेच्या यंत्रणेतून दररोज सरासरी २० युनिट वीज निर्माण होते.'

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. सौरघटाचे कार्य विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकासाठी १५० शब्दांत लिहा.
२. 'ऊन फुकट, म्हणून वीज फुकट' या विधानाचे परीक्षण करा.
३. सौर पंप आणि भूजल यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरच्या मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांवरून सरासरी मासिक वापर काढा. छताची किंवा अंगणाची मोकळी जागा मोजा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता तेथे सावली कोठे पडते, याची नोंद करा. या माहितीच्या आधारे आपल्या घरी सौर यंत्रणा योग्य ठरेल की नाही, यावर कुटुंबातील ज्येष्ठांना उद्देशून दोन पानांचे टिपण लिहा. त्यातील प्रत्येक संज्ञा त्यांना समजेल अशा शब्दांत स्पष्ट करा. टिपण वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलेले प्रश्न शेवटी नोंदवा.